कुत्र्यासोबत राजमाचीला मुक्काम: नोव्हेंबरातल्या या चुका टाळा

दिवाळी उरकली की ट्रेकर मंडळींच्या पायाला भिंगरी लागते. चिखल वाळलेला असतो, हवा स्वच्छ असते आणि घरचा कुत्राही सॅक बघून शेपटी हलवत दारात उभा राहतो. त्याला जरूर न्या. आमची चिकी, सोळा किलोची गावठी कुत्री, लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्यावर पाच वेळा मुक्कामी आली आहे. पण नोव्हेंबरात तिला थंडीपेक्षा इतर गोष्टींनीच जास्त त्रास दिला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुसळांना, म्हणजे गवताच्या टोकदार बियांना, किरकोळ समजणं. या दिवसांत कुसळी गवत वाळून पिवळं पडतं. कुसळाच्या टोकाला उलटे केस असतात, त्यामुळे ते घुसलं की मागे येत नाही, पुढेच सरकतं. त्याची लांब शेपटी ओलावा लागला की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते. बी जमिनीत रुजावं म्हणून असलेली ही सोय कुत्र्याच्या कातडीतही तितकंच काम करते.

एकदा राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडी गावात संध्याकाळी चिकी अचानक डोकं डावीकडे कलतं करून बसली. भाकरीचा तुकडा पुढे केला तरी बघेना, नुसता कान झटकत होती. बॅटरीच्या उजेडात कानाच्या वळणाशी कुसळाची तपकिरी शेपटी दिसली. मी चिमट्याने धरून ओढली, तर शेपटी हातात आली आणि टोक आतच राहिलं. रात्रभर ती कण्हत होती. सकाळी लोणावळ्यात उतरून डॉक्टर गाठले, तेव्हा गुंगीचं इंजेक्शन देऊन त्यांनी ते काढलं. तेव्हापासून नियम एकच: पायाला, अंगावर अडकलेलं, पूर्ण दिसणारं कुसळ सरळ रेषेत ओढून काढायचं. कानातल्या-नाकातल्या कुसळाला हात लावायचा नाही, तेल किंवा थेंबही घालायचे नाहीत, थेट डॉक्टरकडे जायचं. निघण्यापूर्वी बोटांमधले केस बारीक कापा. दर थांब्यावर बोटांची बेचकी, काखा, कान आणि पापण्या तपासा. एकसारख्या शिंका, एकच पाय चाटत बसणं किंवा अर्धवट मिटलेला डोळा दिसला, तर आधी कुसळाचाच संशय घ्या.

दुसरी चूक वेळेची. ‘आता थंडी आहे’ म्हणून दहाला निघायचं आणि कर्जतकडच्या कोंढाणे लेण्यांच्या बाजूने भर दुपारी चढायचं. आपल्याला घाम येतो, कुत्र्याला मात्र उन्हात उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. त्यातून तो मालकाच्या मागे चालतच राहतो, दमलो म्हणून बसत नाही. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणं, चिकट घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही लक्षणं दिसली की चाल तिथेच थांबवा. सावलीत घेऊन पोट, काखा, जांघा पाण्याने भिजवा, वारा घाला, थोडं थोडं पाणी पाजा आणि लवकरात लवकर डॉक्टरकडे न्या. पहिल्यांदा जात असाल तर लोणावळ्याकडची वाट धरा. ती लांब आहे, साधारण पंधरा किलोमीटर, पण बरीचशी सपाट आहे. वीस किलोच्या कुत्र्याला एरवीही दिवसाला लिटरभर पाणी लागतं, ट्रेकला त्याच्या दुप्पट धरा.

संध्याकाळी तळ्यात डुंबू देऊ नका. ओल्या अंगाने रात्री तो कुडकुडतो, आणि थंड जमीनही ऊब ओढून घेते. त्याच्याखाली स्वतंत्र मॅट हवीच.

रात्रीच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. कुत्र्याला तंबूबाहेर बांधणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. हिमालयातले मेंढपाळ आपल्या धिप्पाड कुत्र्यांच्याही गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालतात, ते याच भीतीने. कुत्रा तुमच्याबरोबर तंबूत, किंवा त्याहून बरं म्हणजे गावातल्या घरात, दार लावून. त्यासाठी त्या घरच्या दादा-वहिनींना आधीच फोन करून विचारा. रात्री शी-शूसाठी न्यायचं तर आखूड पट्टा, बॅटरी आणि सोबतीला दुसरा माणूस. गावात दिवसाही पट्टा सोडू नका. कोंबड्या कुणाच्या तरी पोटापाण्याच्या असतात.

सॅकमधले मनुके, चॉकलेट आणि कांदा घातलेलं पिठलं त्याच्यापासून लांब ठेवा, तिन्ही त्याला विषारी आहेत. लंगडतोय म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर मुळीच देऊ नका.

हाच उत्साह घेऊन हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकरकडे वळण्याआधी थांबा. ती अभयारण्यं आहेत, वनखात्याला विचारल्याशिवाय कुत्रा नेऊ नका. शिड्यांच्या किल्ल्यांवरही त्याला नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी परतल्यावर अंगभर हात फिरवून गोचीड शोधा, विशेषतः कानामागे आणि बोटांत. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, जाळू नका. पुढचे तीनेक आठवडे खाणं कमी झालं, ताप आला किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर डॉक्टरांना ट्रेकची तारीख सांगून रक्त तपासून घ्या.