युरोपात पंचवीस रात्री, दोघंच: निघायच्या आधीची आमची तयारी

मागच्या वेळी १५ दिवसांत ९ हॉटेलं बदलली आणि परत आल्यावर डोळ्यासमोर काय यायचं तर रिसेप्शनचे काउंटर आणि बॅगेच्या चेन लावणारे आम्ही दोघं. म्हणून यंदा जूनच्या ट्रिपसाठी वही घेऊन बसलो तेव्हा गावं लिहायच्या आधी गावं खोडायला घेतली. पॅरिस खोडलं, प्राग खोडलं, रोम खोडलं, रोम खोडताना नवऱ्याच्या अगदी जिवावर आलं पण खोडलं. उरल्या सहा जागा आणि २५ रात्री. ऑस्ट्रियात व्हिएन्ना ४, हालश्टाटच्या तळ्याकाठचं ओबरट्राउन ६, इन्सब्रुक ४, स्वित्झर्लंडमधलं कूर २, इटलीत कोमो तळ्यावरचं वरेन्ना ५ आणि शेवटी बोलोन्या ४. निवांत फिरायचंय ना, मग तो निवांतपणा आधीच वहीत लिहून ठेवावा लागतो, नाहीतर तिथं गेल्यावर रिकाम्या दिवसात कोणी ना कोणी काहीतरी कोंबतंच. आम्ही प्रत्येक मुक्कामात एक पूर्ण दिवस कोरा ठेवलाय, कूर सोडून, कारण तिथं आम्ही फक्त गाडीसाठी थांबतोय.

हे रात्रींचं गणित आधी केल्याचा मोठा फायदा व्हिसाला होतो. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त राहणार त्या देशाकडे करायचा असतो, आमच्या १४ रात्री ऑस्ट्रियात आहेत म्हणून ऑस्ट्रियाकडे. दोन देशांत सारख्याच रात्री येत असतील तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार तिथं. अर्ज निघायच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत त्यामुळे त्या पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नका, आम्ही तीन महिने आधीचीच तारीख धरलीय. फी माणशी ९० युरो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला हवा, परत निघायच्या तारखेनंतर निदान ३ महिने व्हॅलिड हवा आणि दोन पानं कोरी हवीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा, आणि त्याच्या तारखा विमानाच्या तारखांशी लावून बघा. रात्रीचं विमान असलं की पोचायची तारीख दुसरी असते आणि तिथंच एका दिवसाची गफलत होते.

हॉटेलची बुकिंगं रद्द करता येतील अशीच घ्या, आणि बुकिंगवर दोघांचीही नावं पासपोर्टातल्या स्पेलिंगने असू द्या. हे मी कळकळीने सांगतेय. मागच्या वेळी सगळी बुकिंगं एकट्या नवऱ्याच्या नावावर होती आणि व्हिसाच्या काउंटरवर मला विचारलं की तुमच्या राहण्याचा कागद कुठाय, मग तिथंच बसून हॉटेलांना एकामागून एक मेल करत बसलो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झालीय, तेव्हा रांगेसाठी वेळ धरा, उतरल्या उतरल्या लगेचची गाडी बुक करू नका. आम्ही पहिला दिवस फक्त मुक्कामी पोचलो आणि झोपलो एवढ्यासाठीच ठेवलाय.

आता गाड्या. रेल्वे पास घ्यायचा का यावर आमचे दोन आठवडे गेले. पास छान असतो पण तो रोज पळणाऱ्यांसाठी, आमचे मोठे प्रवास मोजकेच, त्यामुळे सुटी तिकिटंच स्वस्त पडतायत. ऑस्ट्रियाच्या रेल्वेची आणि इटलीच्या फास्ट गाड्यांची तिकिटं आधी काढली की बरीच स्वस्त मिळतात, फक्त ती त्याच गाडीला बांधलेली असतात, गाडी चुकली तर गेली. इटलीतल्या साध्या प्रादेशिक गाडीचं भाडं मात्र कधीही काढा तेवढंच. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, विसरलात तर दंड. आणि इटलीत संप होतात, त्यांची तारीख बहुतेक आधी जाहीर होते. अशा दिवशीसुद्धा कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात, तेव्हा प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी एकदा बघून घ्यायचं, एवढं फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवलंय.

कूर ते तिरानो या रस्त्यासाठी मी सगळ्यात जास्त उत्सुक आहे त्यामुळे इथं जरा जास्त लिहिणार. स्वित्झर्लंडची लाल रंगाची रेशियन रेल्वे, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत, दातेरी रुळांशिवाय २,२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बेर्निना स्टेशनापर्यंत चढते आणि मग इटलीत पार खाली तिरानोला उतरते. सगळे पर्यटकांसाठीची बेर्निना एक्स्प्रेस बुक करतात, तिला रिझर्व्हेशन सक्तीचं आणि तिच्या मोठ्या काचा उघडत नाहीत. पण त्याच रुळांवरून रोज साध्या गाड्याही धावतात, सांक्ट मोरिट्झला गाडी बदलायची, रिझर्व्हेशन नको, काही डब्यांच्या खिडक्या खाली होतात, मनात आलं तर मधे उतरा आणि पुढच्या गाडीने जा. आम्ही साध्या गाडीनेच जाणार. ब्रुझिओला दगडी कमानींच्या पुलावर गाडी अख्खी गोल फिरून स्वतःच्याच रुळांखालून जाते, तेव्हा मला मान बाहेर न काढता का होईना, उघड्या खिडकीशी उभं राहायचंय. जून असला तरी वर गार असतं, म्हणून त्या दिवशी स्वेटर बॅगेत नाही, हातात. तिरानोला लाल गाडीचं आणि इटालियन गाडीचं अशी दोन स्टेशनं एकाच चौकात समोरासमोर आहेत, पण तरी आम्ही मधे दीड तास सोडलाय, जेवायला.

खिडकीचं पण लिहून ठेवलंय. व्हिएन्नाहून ओबरट्राउनला जाताना आट्नांग-पुखहाइमला गाडी बदलतो, त्या दुसऱ्या गाडीत उजवीकडे बसायचं, हालश्टाटचं तळं उजव्या हाताला येतं. तिरानोहून वरेन्नाला येतानाही उजवीकडेच, कोमो तळं त्याच बाजूला. हालश्टाट गावात राहायच्या ऐवजी ओबरट्राउन घेतलं कारण दिवसा हालश्टाटला बसेसच्या बसेस माणसं उतरतात, आपण सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी ती गेल्यावर जायचं. जूनच्या सुरुवातीला जाणाऱ्यांनी कॉर्पस क्रिस्टीचा ख्रिस्ती सण कुठल्या गुरुवारी येतोय ते बघा, त्या दिवशी हालश्टाटच्या तळ्यात नावांची मिरवणूक निघते, मात्र दुकानं बंद. दुकानांचं तसंही, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक सगळं बंद असतं, मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट सोडून, म्हणून शनिवारी दूध, ब्रेड, अंडी, फळं घेऊन ठेवायची हे वहीत प्रत्येक शनिवारसमोर लिहिलंय.

आधी बुक करायच्या गोष्टी आम्ही मुद्दाम तीनच ठेवल्या. व्हिएन्नाचा शोनब्रुन राजवाडा, वेळेचं तिकीट. व्हिएन्नाच्या ऑपेराची एक संध्याकाळ, कारण तिचा सीझन जूनअखेर संपतो आणि जुलै ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना ती मिळतच नाही. आणि वरेन्नाहून एक दिवस मिलानला जाऊन लिओनार्डोचं लास्ट सपर हे भिंतीवरचं चित्र, तिथं थोड्या थोड्या लोकांना १५ मिनिटांपुरतंच आत सोडतात, सोमवारी बंद, आणि तिकिटं निघाली की भराभर संपतात, तेव्हा ती तारीख पक्की झाल्यावरच बाकी दिवस त्याच्याभोवती लावा. बाकी काही बुक नाही. बोलोन्यात तर बुक करायचंच काय, गावभर कमानींचे ओटे आहेत, एकट्या सान लुका देवळापर्यंतच्या रस्त्याला ६६६ कमानी, उन्हात जूनअखेर चालायला यापेक्षा चांगली सावली नाही.

राहायची जागा निवडताना मी फोटो नंतर बघते. आधी लिफ्ट आहे का, मग कपडे धुवायचं मशीन, मग एसी. डोंगराकडच्या जागांत एसी नसला तर चालून जातं पण बोलोन्यात नाही चालणार. वरेन्नाच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच आहेत, त्यामुळे बॅग. माणशी एकच, आणि ती भरल्यावर आपापली उचलून तीन जिने चढून दाखवायची, घरीच. आम्ही रविवारी केलं. नवऱ्याची १४ किलोची होती, दुसऱ्या जिन्यावर त्याने ती खाली ठेवली आणि न बोलता परत जाऊन जीनची पँट, जाडजूड पुस्तक आणि बुटांचा दुसरा जोड काढला. आता १० किलो. कपडे सहा दिवसांचे पुरतात, ओबरट्राउन आणि वरेन्नाला मशीन आहे. बूट नवे घेतले असतील तर दोन महिने आधी, आणि रोज पाच-सहा किलोमीटर त्याच बुटांत चालायचं. व्हिएन्नात नळाचं पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांतून येतं, १८७३ पासून, तेव्हा रिकामी बाटली न्या आणि भरत राहा.

खायचं नेताना एक लक्षात ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूधदुभतं आणि मांस न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, दुधाची पावडर, पावडरवाला तयार चहा, सगळं घरीच. ताजे आंबेही नाहीत. कोरडी भाजणी, चिवडा, मेतकूट चालतं.

औषधं दोघांची वेगळी, हातातल्या बॅगेत, आठवडाभराची जास्त, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या कारण ब्रँडचं नाव तिथल्या फार्मसीत कळत नाही. चष्म्याचा दुसरा जोड. दोन वेगवेगळी कार्डं दोन वेगवेगळ्या पाकिटांत, आणि मशीनवर रुपये की युरो विचारलं तर युरोच दाबा, रुपये निवडले की वाईट दराने कापतात. स्वित्झर्लंडला फ्रँक. सुटी नाणी जवळ ठेवा, स्टेशनवरच्या टॉयलेटला लागतात, आणि इटलीत हॉटेलचा सिटी टॅक्स कधीकधी रोखच मागतात. प्लगसाठी अ‍ॅडॅप्टर घ्या, आपली तीन पिनी तिथं बसत नाही.

शेवटचं आमच्या दोघांचं. आठवड्यातून एक दुपार वेगवेगळी, त्याला स्टेशनवर गाड्या बघत बसायचं असतं आणि मला पाण्याकडे बघत चित्र काढायचं असतं, मागच्या वेळी यावरून विनाकारण धुसफूस झाली म्हणून यंदा आधीच ठरवलं. पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो एकमेकांच्या फोनमध्ये, त्या दिवशीच्या मुक्कामाचा पत्ता कागदावर दोघांच्या खिशात, इमर्जन्सी नंबर ११२. आणि गाडीत एक चढला आणि दुसरा राहिला तर चढलेल्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून प्लॅटफॉर्मवर बसून राहायचं, उलट यायचं नाही, राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथं यायचं. त्यासाठी त्या त्या दिवसाचं तिकीटही दोघांच्या फोनमध्ये हवं, ते काम आज रात्री करायचंय.