रोजगार-प्रशिक्षणाचं अनुदान: शेवटचा हप्ता अडकवणाऱ्या या चुका टाळा

वस्तीपातळीवरच्या संस्थेत मुलं नीट शिकतात, कामालाही लागतात, आणि तरी शेवटचा हप्ता अडकतो. प्रशिक्षणात खोट नसते. घोळ बहुतेक वेळा प्रस्ताव लिहितानाच झालेला असतो.

उद्दिष्ट ठरवताना उलटा हिशेब न करणं

‘७० जणांना नोकरी’ असं लिहायचं आणि ८० जणांचा खर्च मांडायचा, ही सगळ्यात महाग चूक. हिशेब शेवटाकडून सुरू करा. समजा, तीन महिने टिकलेली नोकरीच धरली जाणार आहे आणि रुजू झालेल्या पाचांतला एक जण त्याआधी काम सोडतो. मग ७० टिकायला ८८ रुजू व्हायला हवेत. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांतले ८० टक्के रुजू होत असतील, तर ११० जणांनी ते पूर्ण करायला हवं. मधली १५ टक्के गळती धरली की नोंदणी जाते १३०वर, म्हणजे २२ जणांच्या सहा बॅचेस. गळतीचे टक्के मात्र स्वतःच्या जुन्या बॅचेसवरून काढा.

आता हेच दिनदर्शिकेवर मांडा. मुदत १२ महिने, प्रशिक्षण तीन, रुजू व्हायला एक, टिकण्याचे तीन. पहिला महिना नेमणुका आणि नोंदणीत जातो, शेवटचा कागदपत्रांसाठी मोकळा लागतो. म्हणजे शेवटची बॅच पाचव्या महिन्याच्या सुरुवातीलाच बसली पाहिजे. तीन बॅचेस दुसऱ्या महिन्यात, तीन पाचव्यात. एका वेळी तीन वर्ग चालणार असतील तर एका प्रशिक्षकाचं मानधन कसं पुरेल? एवढं एक कोष्टक केलं असतं तर कित्येक प्रकल्प वाचले असते.

‘नोकरी’ म्हणजे काय, हे लेखी न विचारणं

अर्धवेळ काम, शिकाऊ उमेदवारी, घरून शिवणकाम, स्वतःची गाडी चालवणं यांतलं काय धरणार आणि त्याचा पुरावा काय, हे करारावर सही करण्याआधी अनुदान देणाऱ्याकडून लेखी घ्या. स्वयंरोजगारात हमखास अडतं, कारण पगारपत्रक नसतं. तिथे बँकेतल्या जमा नोंदी किंवा विक्रीची वही चालेल का, तेही विचारून ठेवा.

पुरावा मागून गोळा करायचा, असं म्हटलं की तो हातचा गेलाच. नोंदणीच्या दिवशीच पाठपुराव्यासाठी लेखी संमती आणि घरातल्या किंवा ओळखीच्या दोघांचे फोन नंबर घ्या. तीन महिन्यांत बऱ्याच जणांचा नंबर बदललेला असतो. नेमणूकपत्राची प्रत रुजू होण्याच्या आठवड्यात आणि पगाराचा पुरावा महिन्याच्या महिन्याला.

मालकाचं गुळमुळीत पत्र जोडणं

‘आमचा उपक्रमाला पाठिंबा आहे’ या पत्राला काही वजन नाही. जागा किती, कोणत्या कामाच्या, पगार किती, पाळी कोणती, माणसं कोणत्या महिन्यात हवीत, किमान शिक्षण काय, हे पत्रात हवं. ज्याचा प्रशिक्षक हाताशी आहे तोच कोर्स घ्यायचा आणि मालक नंतर शोधायचे, हा क्रम उलटा आहे.

पहिल्या पगारापर्यंतचा काळ विसरणं

कामावर जायचं तर बसभाडं आजच लागतं. पगार महिन्याने मिळतो. लहान मूल सांभाळायला कोणी नसेल तर आई दुसऱ्याच आठवड्यात काम सोडते, आणि अहवालात तिच्या नावापुढे ‘इच्छाशक्तीचा अभाव’ असं लिहिलं जातं. हा तिच्यावर अन्याय आहे. नियमांत बसत असेल तर प्रवास आणि पाळणाघराचा खर्च प्रस्तावातच मांडा. रुजू झाल्यावर ७व्या, ३०व्या, ६०व्या आणि ९०व्या दिवशी फोन करणारा माणूस नेमा आणि त्याचा पगार बजेटमध्ये दाखवा.

हातात पैसे नसताना काम सुरू करणं

आधी खर्च, मग प्रतिपूर्ती अशी अट असेल, बिल तिमाहीला जात असेल आणि मंजुरीला दोन महिने लागत असतील, तर पाच महिन्यांचा खर्च स्वतःच्या खिशातून चालवावा लागतो. ती सोय नसेल तर आगाऊ हप्ता किंवा मासिक बिलाची मागणी वाटाघाटीतच करा. मानधन थकलं की प्रशिक्षक बॅच अर्ध्यावर टाकून जातो.

हजेरीपत्रक आठवड्याच्या शेवटी भरणं

तपासनीस हजेरीपत्रक एकटं वाचत नाही. त्याच तारखेचं प्रवासभत्त्याचं व्हाउचर, प्रशिक्षकाचं बिल आणि सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवतो. सुट्टीच्या दिवशी २२ सह्या, सगळ्या एकाच पेनाने आणि एकाच वळणाच्या, दिसल्या की पुढचं प्रत्येक पान संशयाने पाहिलं जातं. सही वर्ग सुरू होताना आणि संपताना घ्या. चुकलं तर व्हाइटनर लावू नका. एक आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख.

खर्चातही असंच. मंजुरीच्या तारखेआधीची खरेदी सहसा धरली जात नाही. शेवटच्या बॅचनंतर घेतलेली यंत्रं प्रशिक्षणासाठी होती, हे कोणालाच पटवून देता येत नाही. एकच कर्मचारी दोन अनुदानांत ६० आणि ६० टक्के दाखवला की बेरीज १२० होते, आणि ती पकडली जाते.

उद्दिष्ट गाठलं जात नाही असं मध्यावर दिसलं, तर त्याच आठवड्यात लेखी कळवा: किती कमी पडतंय, कशामुळे, आणि सुधारित आकडा किंवा मुदत काय हवी. बजेटमधल्या एका शीर्षातला पैसा दुसऱ्याकडे वळवायचा असेल तर आधी परवानगी, मग खर्च. मुदत संपल्यावर पाठवलेल्या पत्राचा उपयोग फारसा होत नाही.