घरात पोपट आणण्यापूर्वी: कोकणातल्या घराला कोणता पक्षी मानवतो

कोकणात ‘पोपट पाळायचा आहे’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला राघू उभा राहतो. पडवीच्या वाशाला टांगलेला त्याचा पिंजरा अनेकांनी आजोळी पाहिलेला असतो. निवडीची सुरुवात मात्र हा राघू वगळूनच करावी लागते. कंठवाला पोपट, दुकानदार ज्याला ‘पहाडी’ म्हणतात तो मोठा पोपट आणि लाल डोक्याचा पोपट हे आपले रानपक्षी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार त्यांना पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. माडाच्या ढोलीतले पिल्लू शेजाऱ्याने मायेने आणून दिले तरी त्यात फरक पडत नाही. असे पिल्लू हाती आल्यास वनविभागाला कळवावे.

उरतात ते परदेशी वंशाचे, पण पिंजऱ्यातच पैदास झालेले पक्षी. त्यांच्यातून निवडताना रंग आणि किंमत पाहण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: जुलै महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्या घरात कोण असते? नवराबायको दोघेही नोकरीला आणि मुले शाळेत जात असतील, तर माणसाच्या सोबतीवर जगणारा एकटा पक्षी त्या घरात कुढतो, ओरडतो आणि पुढे स्वतःची पिसे उपटू लागतो. त्याचबरोबर गणपतीला घर माणसांनी भरते, मे महिन्यात आपण गावी नसतो, शिमग्याला दारात ढोल वाजतो. वर्षाचा हा सगळा क्रम पक्ष्यालाही आपल्याबरोबर जगायचा असतो.

पहिल्यांदाच पक्षी पाळणाऱ्याला मी निःशंकपणे बजी (बजरीगर) या लहान पोपटाची जोडी सुचवतो. आपल्याकडची दुकाने बजीलाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, त्यामुळे नावावर न जाता पक्षी पाहावा. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आवाज बेताचा, आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षांचे. जोडी असेल तर दिवसभर घर रिकामे राहिले तरी दोघे एकमेकांत रमतात. वय ओळखणे सोपे असते: कोवळ्या पक्ष्याच्या कपाळावरच्या बारीक आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत येतात आणि तीन-चार महिन्यांनंतर त्या मागे सरून कपाळ स्वच्छ दिसू लागते. चोचीच्या वरचा मेणासारखा भाग बहुतेक रंगांच्या मोठ्या नरात निळा आणि मादीत तपकिरी असतो.

ज्या घरात आजी-आजोबा किंवा घरूनच काम करणारे कोणी दिवसभर असते, तिथे डोक्यावर तुरा असलेला कॉकाटील हा पोपट चांगला रुळतो. तो शिट्टी उचलतो, खांद्यावर येऊन बसतो आणि नीट ठेवल्यास पंधरा-वीस वर्षे जगतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्याव्यात. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते, म्हणून घरात दम्याचा रुग्ण असेल तर तो आणू नये. आणि रात्री अचानक वीज गेली किंवा फटाका वाजला की घाबरून तो पिंजऱ्यात आपटतो, म्हणून त्याच्याजवळ चार्ज होणारा मंद दिवा असावा. खरा लव्हबर्ड दिसायला गोंडस, पण चावरा आणि हट्टी असतो. तो दुसरा पक्षी म्हणून ठीक. सन कॉन्युर या पिवळ्या-केशरी पोपटाचा आवाज इतका कर्कश असतो की रत्नागिरीतल्या फ्लॅटमध्ये त्याच्यावरून शेजाऱ्यांशी भांडण ठरलेले. वाडीतल्या सुट्या घरात, तेही काही वर्षांच्या अनुभवानंतर, त्याचा विचार करता येईल. आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट चाळीस वर्षांहून अधिक जगू शकतो. पन्नाशीतल्या माणसाने तो घेताना आपल्यामागे त्याचे कोण करणार, हे घरात बोलून ठरवावे. ज्याला आधी कॉकाटील सांभाळून ठाऊक नाही, त्याने तो घेऊच नये.

कागदपत्रांचेही पाहावे लागते. बजी, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजातींच्या यादीत नाहीत. फिशर लव्हबर्ड, सन कॉन्युर आणि आफ्रिकन ग्रे त्या यादीत आहेत. अशा प्रजातींची नोंद 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 पोर्टलवर करावी लागते, म्हणून विकणाऱ्याकडून लेखी पावती आणि पायातल्या कडीचा क्रमांक घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पिंजऱ्याच्या जागेबाबत मी स्वतः चुकलो आहे. पहिली बजींची जोडी मी वाडवडिलांच्या रिवाजाप्रमाणे पडवीत टांगली. श्रावणातल्या एका सकाळी पाहतो तर पिंजऱ्यात अंगठ्याएवढ्या जाडीची धामण वेटोळे घालून बसलेली, पोटावर दोन फुगवटे, आणि त्या फुगवट्यांमुळे तिला आल्या वाटेने बाहेर पडता येईना. तेव्हापासून पिंजरा रात्री माजघरात असतो आणि गजांतले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नसते. स्वयंपाकघरही जागा नव्हे: चुलीचा आणि काजू भाजल्याचा धूर पक्ष्याच्या फुप्फुसांना सोसत नाही आणि नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. खाऱ्या हवेत साध्या तारेचा पिंजरा दोन पावसाळ्यांत गंजतो, आणि जस्ताचा मुलामा पोपट चोचीने खरवडून पोटात घेतात. परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा, उंचीपेक्षा लांबी जास्त असलेला.

खाण्याचे दाणे पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, कारण बुरशी आलेल्या राळ्याने किंवा शेंगदाण्याने यकृत जाते. भिजवलेली नाचणी, शेवग्याचा पाला आणि पेरूची फोड चालते; अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा आणि चहा अजिबात नको. कॅल्शियमसाठी दुकानात विकतात तो पांढरा तुकडा म्हणजे माकुलाच्या जातभाईचे कवच, आपला समुद्रफेस. पावसानंतर किनाऱ्यावर तो फुकट मिळतो. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलत भिजवावा, कडक उन्हात वाळवावा आणि मऊ बाजू आत करून गजांना बांधावा.

प्रत्यक्ष पक्षी निवडताना दुकानात निदान अर्धा तास थांबावे. आजार लपवणे हा पक्ष्यांचा स्वभाव असल्याने माणूस जवळ येताच आजारी पक्षीही ताठ बसतो. थोड्या वेळाने तो विसावतो, पिसे फुगवतो आणि श्वासागणिक शेपटी खालीवर हलवू लागतो. असा पक्षी घेऊ नये, ज्याच्या गुदाभोवतीची पिसे चिकटलेली आहेत तोही नको. ‘हाताने भरवलात तर जास्त माया लावेल’ असे सांगून पिसे न फुटलेले पिल्लू गळ्यात मारले जाते. नवख्याच्या हातून गरम पेज देताना त्याचा गळा भाजतो किंवा पेज श्वासनलिकेत जाते. स्वतःहून दाणे खाणारा पक्षीच आणावा. तालुक्याच्या दवाखान्यात बहुधा गुरांचे काम चालते, त्यामुळे पक्षी तपासणारा डॉक्टर कुठे बसतो हे खरेदीआधीच विचारून ठेवावे.

आणण्याची वेळ दिवाळीचे फटाके संपल्यानंतरची धरावी. तेव्हा हवा कोरडी असते, घर शांत असते, आणि शिमग्याचा ढोल वाजेपर्यंत पक्ष्याला आपला आवाज ओळखायला सुमारे चार महिने मिळतात.