तुर्की फ्री जॅझ ऐकायचंय? मग आधी झुरना ऐका

फ्री जॅझ, म्हणजे ठरलेली चाल आणि ताल बाजूला ठेवून सुचेल तसं वाजवलेलं जॅझ, लावलं की बरेच जण पाच मिनिटांत हेडफोन काढून ठेवतात, नुसता गोंगाट आहे म्हणून. इस्तंबूलच्या बँड्सबद्दल कुणी असं म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या म्युझिकमधला मोकळेपणा काही सगळाच्या सगळा अमेरिकेतून आलेला नाही, त्यातला बराचसा अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाच्या, गावांमध्ये आधीपासूनच होता. म्हणून माझं सांगणं एवढंच, आधी तिथलं लोकसंगीत ऐका आणि जॅझ मागाहून.

सुरुवात उझुन हावापासून करा. उझुन हावा म्हणजे बिनठेक्याचं गाणं, आणि मध्य अनातोलियात त्याचाच एक प्रकार आहे बोझलाक. यूट्यूबवर नेशेत एर्ताश (1938-2012) शोधा आणि त्यांचा कुठलाही बोझलाक लावा. आधी बालामा, म्हणजे लांब दांडीचं तंतुवाद्य, एकटंच वाजतं, तेव्हाच्या तेव्हा सुचेल तसं, त्याला आचिश म्हणतात. मग आवाज येतो तो थेट वरच्या सुरावर, आक्रोश केल्यासारखा, आणि तिथून हेलकावे घेत घेत खाली उतरतो. आपल्याला आलाप ऐकायची सवय असते त्यामुळे ताल नसला तरी आपण बिचकत नाही, फक्त आलाप बहुतेक वेळा खालून वर चढत जातो आणि इथे प्रवास उलटा आहे, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

ऐकताना काही सूर तुम्हाला पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधले वाटतील. ते तसेच असतात, बेसूर नाहीत. तुर्की थिअरीत एका पूर्ण स्वराचे 9 बारीक भाग मानतात. हेच सूर गिटारवर निघेनात म्हणून एर्कान ओउर यांनी 1976 मध्ये गिटारचे पडदेच काढून टाकले! त्यांची फ्रेटलेस गिटार नक्की ऐका, लोकगीत कुठे संपलं आणि इम्प्रोव्हायझेशन कुठे सुरू झालं ते कळतसुद्धा नाही.

मग झुरना आणि दावुल, म्हणजे मोठा ढोल. झुरना आपल्या सनईच्या कुळातलाच, पण आवाज कितीतरी जास्त करकरीत, कारण तो वाजतो उघड्यावर, लग्नाच्या वरातीत नाहीतर तेल लावून खेळायच्या कुस्त्यांमध्ये. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो त्यामुळे सूर तुटतच नाही, आणि जोडीला दुसरा झुरना असला तर तो एकच सूर धरून बसतो. दावुलवाल्याचे हात बघा, एका हातात तोकमाक म्हणजे जाड टिपरू, त्याचा घुमणारा ठोका, आणि दुसऱ्या हातात बारीक छडी, ती सतत तडतडत असते. एखाद्या लग्नाचा व्हिडिओ शोधून दहाएक मिनिटं मोठ्या आवाजात ऐका. त्यानंतर सॅक्सोफोन किंचाळला तरी कान दचकत नाहीत, हे अगदी खात्रीने सांगतो.

आता ताल. 9 मात्रा, पण 3-3-3 नाही, 2-2-2-3. तोंडाने म्हणा, तक तक तक तकिट, आणि प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्या. शेवटच्या टाळीनंतर जरा जास्त थांबायला होतं ना, सगळी मजा तिथेच आहे. अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांनी 1958 च्या दौऱ्यात हाच ताल इस्तंबूलच्या रस्त्यावर वादकांकडून ऐकला आणि पुढच्याच वर्षी त्यावर 'ब्लू राँडो आ ला तुर्क' केलं (त्याच दौऱ्यात ते मुंबईलाही येऊन गेले होते). ताल अंगात बसवायला तो ट्रॅक एकदम सोयीचा आहे.

एवढं झालं की मग डॉन चेरी यांचं 'लाइव्ह अंकारा' लावा, 1969 चं रेकॉर्डिंग. अमेरिकन ट्रम्पेटवाला, बाकी सगळे तुर्की वादक, ड्रम्सवर ओकाय तेमिझ, आणि मधूनमधून चक्क अनातोलियाच्या लोकधुना वाजतात. चेरींना या धुनांची गोडी लावली ती स्वीडनमध्ये राहणाऱ्या माफी फालाय या तुर्की ट्रम्पेटवादकाने. पुढे चेरी आणि दक्षिण आफ्रिकेचे बासवादक जॉनी ड्यानी यांच्याबरोबर 1971 मध्ये तेमिझ यांनी जे वाजवलंय ते 'ब्लू लेक' या अल्बमवर आहे, तीनच माणसं पण कुठे म्हणून रिकामं वाटत नाही.

शेवटी कॉन्स्ट्रुक्ट. उमुत चालार आणि कोरहान फुताजी यांनी 2008 मध्ये इस्तंबूलमध्ये सुरू केलेला बँड, जर्मन सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉत्झमान, जो मॅकफी, केइजी हाइनो अशा दिग्गजांसोबत वाजवलेला. ब्रॉत्झमानबरोबरचा 'दोलुनाय' हा अल्बम घ्या, पण पहिल्यांदा ऐकताना सगळं एकदम पकडायला जाऊ नका, नुसता ड्रम्सचा पाठलाग करा, दुसऱ्यांदा सॅक्सोफोनचा. तिथे तुम्हाला दावुलचा जाड ठोका आणि झुरन्याचा न तुटणारा सूर आठवला तर समजा कान तयार झाला. गाणं जास्त आवडत असेल तर सादेत त्युर्कोझ ऐका, इस्तंबूलच्या कझाक कुटुंबात जन्मलेली, आता झ्युरिकमध्ये राहणारी गायिका, लहानपणी कानावर पडलेली कझाक आणि तुर्की गाणी ती पार मोडून नव्याने गाते.

आणि इस्तंबूलला जायचा योग आलाच तर बोमोन्तीतल्या बॅबिलोन क्लबचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, अकबँक जॅझ फेस्टिव्हलही 1991 पासून शहरात होतोय. जमलं तर स्टेजच्या जवळची जागा पकडा, म्हणजे कोण कुणाकडे बघून सूर बदलतंय ते डोळ्यांनी दिसतं.