राज्याच्या मानसिक आरोग्य निधीचा माग कसा काढावा आणि सुधारणेची मागणी कशी मांडावी

मानसिक आरोग्यासाठी निधी अपुरा आहे, असे म्हटले की सभेत सर्वांच्या माना डोलतात. मात्र तो कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पात खर्च ज्या सदरात नोंदवतात त्याखाली), कोणत्या कामासाठी आणि किती अपुरा आहे हे दाखवल्याशिवाय मंत्रालयातील फाईल पुढे सरकत नाही. महाराष्ट्रातील रुग्णांचे नातेवाईक, कार्यकर्ते किंवा स्थानिक पत्रकार यांना हे काम स्वतः करता येते. त्यासाठी लेखाशास्त्र येण्याची गरज नाही, चिकाटी मात्र लागते.

सुरुवात कायद्यापासून करावी. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १८ नुसार शासनाने चालवलेल्या किंवा शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि त्याच कलमाच्या उपकलम ११ मध्ये त्यासाठी करावयाच्या आर्थिक तरतुदीचे निकषही दिलेले आहेत: पर्याप्तता, प्राधान्य, प्रगती आणि समन्याय. यांपैकी पर्याप्ततेचा अर्थ कायद्यानेच महागाईशी जोडलेला असल्यामुळे तो विशेष उपयोगी पडतो. महागाई सहा टक्के असताना तरतूद चार टक्क्यांनी वाढली असेल, तर तिला वाढ न म्हणता कपात म्हणावे, आणि निवेदनात तसे स्पष्ट लिहावे.

यानंतर पैसा कोणत्या वाटांनी येतो ते वेगळे करावे, कारण बहुतेक चुका येथेच होतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या मागणीत, म्हणजे विभागाने विधिमंडळाकडे मागितलेल्या अनुदानाच्या तपशिलात, सापडतो. वेतन, औषधे अशा महसुली खर्चासाठी मुख्य लेखाशीर्ष २२१० आणि बांधकामासारख्या भांडवली खर्चासाठी ४२१० पाहावे. देशात १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पैसा मात्र राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो, आणि त्याचा तपशील अभियानाच्या कार्यक्रम अंमलबजावणी आराखड्यात, म्हणजे पीआयपीमध्ये, शोधावा लागतो. दोन्ही रकमा एकत्र करून निष्कर्ष काढल्यास अधिकारी पहिल्याच वाक्यात तो खोडून काढतात.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे निरनिराळे रकाने असतात. वर्तमानपत्रात छापून येतो तो पहिला आकडा. खरी गोष्ट तिसऱ्या रकान्यात असते, पण ती दोन वर्षांनी उघड होते. म्हणून किमान पाच वर्षांची पुस्तके समोर ठेवून एकाच वर्षाचे तिन्ही आकडे शेजारीशेजारी लिहून काढावेत. चालू वर्षातील वितरण आणि खर्च पाहण्यासाठी राज्याची ‘बीम्स’ ही संगणकीय प्रणाली उपयोगी आहे.

तफावत दिसली की तिचे कारण शोधावे. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ किंवा परिचारिकांची पदे रिक्त राहिली की त्यांच्या वेतनाची तरतूद खर्च होत नाही. वर्षअखेरीस ती प्रत्यार्पित होते, म्हणजे शासनाला परत केली जाते, आणि पुढील वर्षी ‘मागचेच पैसे खर्च झाले नाहीत’ या कारणास्तव अंदाज कमी केला जातो. म्हणजे भरतीतील दिरंगाईची शिक्षा रुग्णांना मिळते, आणि कागदावर मात्र ती काटकसर दिसते. हा फेरा दाखवण्यासाठी मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांचा तक्ता अखर्चित रकमेशेजारी ठेवावा. माझ्या मते संपूर्ण निवेदनात याहून प्रभावी पान दुसरे नसते.

हा तक्ता मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार कायदा, २००५ वापरावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे १५० शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ‘मानसिक आरोग्यावरील संपूर्ण माहिती द्यावी’ असे लिहिल्यास हाती काहीही लागत नाही. त्याऐवजी दोन वेगळ्या अर्जांत असे लिहावे: एकात ‘रुग्णालयातील संवर्गनिहाय मंजूर व रिक्त पदांची माहिती साक्षांकित प्रतींसह द्यावी’ आणि दुसऱ्यात ‘मागील तीन आर्थिक वर्षांत औषध खरेदीसाठी प्राप्त आणि खर्च झालेली रक्कम, तसेच पुरवठा खंडित झालेल्या औषधांची यादी साक्षांकित प्रतींसह द्यावी.’ औषधांचा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण आवश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारांवरील औषधे सामूहिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व शासकीय संस्थांत विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. रुग्णांची नावे किंवा नोंदी मात्र कधीही मागू नयेत. एकूण संख्या पुरेशी असते.

सुधारणेची मागणी करताना खाटा कमी करणे आणि सेवा सुधारणे यांत गल्लत करू नये. अमेरिकेत १९६३ च्या कायद्यानंतर मोठी मनोरुग्णालये रिकामी होत गेली, परंतु योजलेली अनेक सामुदायिक केंद्रे उभीच राहिली नाहीत. आपल्या कायद्याचे कलम १९ सांगते की केवळ कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, आणि त्यासाठी शासनाने संक्रमण निवास (रुग्णालयातून बाहेर पडल्यावर काही काळ राहण्याची जागा) व गटनिवासांची सोय करावी. हे निवास चालू होऊन स्थिरावेपर्यंत रुग्णालय आणि वस्तीतील सेवा असा दुहेरी खर्च काही वर्षे करावा लागतो. रुग्णालयाचा निधी वळवून निवास उभारण्याचा प्रस्ताव आल्यास या मधल्या काळाचा हिशेब विचारावा. निवासांची तरतूद कधी दिव्यांग कल्याण विभागाच्या मागणीत असते, त्यामुळे तेथेही पाहावे.

मागणी दोन पानांची असावी आणि वेळेवर पोहोचावी. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला गेल्यानंतर दिलेल्या निवेदनाला पोचपावतीपलीकडे फारसे काही मिळत नाही, कारण विभागांचे अंदाज कित्येक महिने आधी तयार झालेले असतात. म्हणून पावसाळी अधिवेशनाच्या सुमारास आरोग्य विभागाला, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला आणि आपल्या आमदाराला प्रत द्यावी. आमदाराला तयार तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यावयाचा प्रश्न, लिहून दिल्यास तो विचारला जाण्याची शक्यता बरीच वाढते. तेव्हा जमले नाही, तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातील पुरवणी मागण्या, म्हणजे चालू वर्षासाठी मागितलेला जादा निधी, ही दुसरी संधी असते, आणि त्या वेळी रिक्त पदांचा तक्ता नव्या तारखेचा जोडावा.