स्टुअर्ट हायवेला कॅराव्हॅन नेण्याआधी

सामानाकडे वळण्याआधी महिना ठरवा. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध जाणारा, पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा साधारण २,७०० किलोमीटरचा रस्ता पूर्ण डांबरी आहे, त्यामुळे निवृत्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या सहलीला तो उत्तम. मात्र जायचं ते मे ते सप्टेंबरमध्येच. याच मुलखातल्या ऊडनडॅट्टाला जानेवारी १९६० मध्ये, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय. उलट जुलैत अ‍ॅलिस स्प्रिंग्सला रात्री पारा शून्याखाली उतरतो. वाळवंटात कसली आलीये थंडी, असं म्हणून रजया घरी ठेवाल तर पहाटे पस्तावाल.

आता वजन. कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, पाटीवर एटीएम (अ‍ॅग्रिगेट ट्रेलर मास) म्हणून जो आकडा असतो ती सगळं सामान भरल्यावरची कमाल मर्यादा. पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, छत्री, खुर्च्या, डबे सगळं त्यात आलं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हा हिशोब बहुतेकजण विसरतात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण भरलेली कॅराव्हॅन वजनकाट्यावर नेऊन या. जड वस्तू चाकांच्या आसपास आणि खाली ठेवा, मागच्या टोकाला नको. नाहीतर वेग वाढला की मागचं धूड डोलायला लागतं. तसं झालंच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग ओढू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरने हातानेच फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक लावा. हा कंट्रोलर दोघांनाही अंधारात चाचपडता सापडला पाहिजे.

माझं खरं म्हणणं इथेच आहे. आपल्याकडच्या जोडप्यांत गाडी त्यांची आणि स्वयंपाक हिचा, अशी वाटणी आपोआप होते. घरी ती चालून जाते. पण गावं दोन-अडीचशे किलोमीटरवर असलेल्या मुलखात एकाची कंबर धरली की दुसऱ्याला सगळं यायलाच हवं. तेव्हा एखाद्या रविवारी मोकळं मैदान गाठा आणि कॅराव्हॅन जोडण्या-सोडण्याचा सराव आलटून पालटून करा. कपलिंग (कॅराव्हॅन गाडीला जोडणारा सांधा) बसलं आणि त्याचं कुलूप लागलं का, साखळ्या खालून फुलीसारख्या घातल्या का, वायरचा प्लग लावून मागचे दिवे कोणी बघितले का, जॉकी व्हील (पुढचं टेकूचं छोटं चाक) वर घेतलं का, हँडब्रेक सोडला का. एकाने करायचं, दुसऱ्याने मोठ्याने विचारायचं. मागे घेण्याचा सराव तर हवाच. चाळीस वर्षांच्या संसारात झालं नाही ते भांडण कॅराव्हॅन पार्कात रिव्हर्स घेताना होतं, आणि शेजारची मंडळी खुर्च्या टाकून ते बघतात! हातवारे सोडा, हातात धरायचे दोन यूएचएफ रेडिओ (वॉकी-टॉकी) घ्या.

हायवेवरही हाच रेडिओ लागतो. ट्रकवाले चॅनल ४० वर बोलतात, कॅराव्हॅनवाले बहुधा १८ वर. ५ आणि ३५ तातडीच्या मदतीसाठी राखीव आहेत. तिथल्या रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. मागून आली तर घाबरून ब्रेक मारू नका, आपल्या लेनमध्ये सरळ चालत राहा आणि तिला पुढे जाऊ द्या. दिवसाला तीन-चारशे किलोमीटर पुरेत. दुपारी चारपर्यंत मुक्कामाला लागा, कारण संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर असतात. गुरंही बऱ्याच ठिकाणी कुंपणाविना फिरतात.

इंधनाचं साधं धोरण ठेवा, टाकी अर्धी दिसली की भरायची. कॅराव्हॅन मागे असली की इंधन दीडपटही लागतं, समोरून वारा असेल तर त्याहून जास्त, आणि ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी या सुमारे अडीचशे किलोमीटरांत एकही पंप नाही. प्यायचं पाणी टाकीवर न सोडता वेगळ्या कॅनमध्ये घ्या, माणशी रोज किमान पाच लिटर. रोडहाउसचं (हायवेवरच्या पंप-खानावळीचं) पाणी बरेचदा बोअरचं असतं, पिण्याजोगं आहे का ते विचारून भरा.

स्वयंपाकघर आटोपशीर ठेवा. एक छोटा कुकर, थालिपिठाची भाजणी, मूगडाळ, तांदूळ, मेतकूट, गोडा मसाला, भाजलेले पोहे. खिचडीला गॅस आणि पाणी दोन्ही कमी लागतं, आणि तीही दोघांना करता यावी. मेलबर्नहून निघाल तर फळं, टोमॅटो, मिरच्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीआधीच संपवा. फळमाशीमुळे तिथे बंदी आहे आणि दंडही होतो. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्याची ताजी डहाळी नेऊन वाद ओढवून घेऊ नका.

औषधं ठरल्या दिवसांहून दोन आठवडे जास्त घ्या. निम्मी गाडीत, निम्मी कॅराव्हॅनमध्ये. कोणाला कोणती गोळी कधी, हे एका कागदावर लिहून तो ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा, कारण स्वतःच्या गोळ्यांची नावं न सांगता येणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत. दूरच्या वस्त्यांसाठी १९२८ पासून चालत आलेली फ्लाइंग डॉक्टरची विमानसेवा आहे, पण डॉक्टरला रेडिओवर किंवा फोनवर आधी माहिती तर द्यावी लागणार. अँब्युलन्सचं सभासदत्व दुसऱ्या राज्यात चालतं का ते विचारून घ्या. पुण्याहून भाऊ-वहिनी आले असतील तर त्यांना मेडिकेअर (ऑस्ट्रेलियाची सरकारी आरोग्य-योजना) नाही, त्यांचा विमा तपासा.

किरकोळ गोष्टी भराभर. कॅराव्हॅनला बसणारा जॅक, दोन्हींचे स्पेअर टायर, नटांसाठी लांब दांड्याचा पाना. चाक बदललं की पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे. माश्यांसाठी तोंडावरची जाळी. उलुरूचा प्रचंड खडक बघायला जायचं तर हायवेवरच्या एर्लडुंडाहून वळा, तिथून खडकाजवळचं मुक्कामाचं गाव युलारा २४५ किलोमीटर. जुलैत जागा आधी धरा. खडकावरची चढाई २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे, तेव्हा तळाभोवतीच्या वाटेसाठी चांगले बूट घ्या. हायवे सोडून आत शिरणार असाल तर काही आदिवासी जमिनींसाठी परवाना लागतो.

फोनवर विसंबू नका. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीची हाक पोचवणारं छोटं यंत्र, घ्या आणि त्याची नोंदणी करा, ती फुकट असते. मुलीला मुक्कामांची यादी द्या. फोन लागला नाही म्हणून लगेच घाबरू नकोस, पण ठरलेल्या मुक्कामाचा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आला नाही तर पोलिसांना कळव, असं तिला आधीच सांगून ठेवा. गाडीचा नंबरही लिहून द्या, कॅराव्हॅनचा वेगळा असतो, तोसुद्धा.