उन्हाळी टोमॅटो: ऊन तापण्याआधी काय काय तयार हवं

आधी दिवस मोजून घ्या, बियाणं नंतर आणा. दिवसाचा पारा ३५ अंशांवर आणि रात्रीचा २४ अंशांवर राहायला लागला की टोमॅटोच्या फुलातले पराग निकामी होतात. फूल येतं, दोन दिवस छान दिसतं आणि मग देठावरच्या गाठीपाशी पिवळं पडून तिथूनच तुटतं. खत कमी पडलं, पाणी कमी पडलं, असं वाटून आपण झाडावर नाही नाही ते प्रयोग करतो. तेव्हा हे वेळेत समजून घेतलेलं बरं. रोप लावण्याजोगं व्हायला २५ ते ३० दिवस लागतात, लावल्यावर पहिला फुलोरा यायला आणखी महिनाभर. म्हणजे कडक उन्हाच्या दोन-अडीच महिने आधी बी पेरलेलं असलं, तर फळं धरून होतात आणि ऊन पुढे येतं. एकदा धरलेलं फळ उन्हातही वाढतं. फळ धरणं हीच अडचणीची जागा आहे.

वाण निवडताना मोठ्या, गरदार फळांचा मोह आवरा. छोट्या, चेरी प्रकारच्या टोमॅटोला उष्णतेतही बऱ्यापैकी फळं लागतात. उष्णता सोसणारा आणि पर्णगुच्छ रोगाला (पानं आखडवणाऱ्या विषाणूरोगाला) दाद न देणारा, अशी नोंद पाकिटावर असेल तर तोच घ्या.

रोपं तयार करायची जागा बी पेरायच्या आधीच बारीक जाळीने झाकून ठेवा. मी यावर मुद्दाम जोर देतेय. पांढरी माशी कोवळ्या रोपावर बसली आणि तिने विषाणू सोडला, की पानं वाटीसारखी वर वळतात, आखडतात, झाड खुजं राहतं. त्याला औषध नाही. असं झाड दिसलं तर मन घट्ट करून उपटा, नाहीतर शेजारची झाडंही जातात. जाळीच्या आत दोन पिवळे चिकट सापळे टांगले, तर माशी आली की लगेच कळतं. लावणीआधी आठ-दहा दिवस रोपांना थोडं थोडं ऊन दाखवत जा आणि पाणी जरा ताणून द्या.

कुंडीत लावणार असाल तर एका झाडाला १५ ते २० लिटर मातीची कुंडी हवी. त्याहून लहान कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते. काळी कुंडी उन्हात फार तापते आणि कडेची मुळं भाजतात, म्हणून ती बाहेरून पांढरी रंगवा किंवा गोणपाटाने गुंडाळा. माती भुसभुशीत, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलेली असावी. युरियासारखं नत्राचं खत मात्र बेताने, नाहीतर झाड नुसतं पानांनी माजतं.

लावणी संध्याकाळी करा. खालची पानं काढून खोड पहिल्या खऱ्या पानांपर्यंत (बीतून निघालेल्या दोन दलांनंतर येणाऱ्या पानांपर्यंत) मातीत गाडा. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात आणि उन्हाळ्यात जेवढी मुळं जास्त तेवढं झाड तग धरतं. आधाराची काठी त्याच वेळी रोवा, कारण नंतर रोवली तर हीच मुळं तुटतात. वाळका पाला किंवा गवत आधीच गोळा करून ठेवा आणि लावणीनंतर त्याचा तीन-चार बोटं जाड थर द्या. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नका. शेडनेट ३० ते ५० टक्के सावलीची पुरते. त्याहून दाट घेतली तर फुलंच कमी येतात. ती ताणायचे खांब आधी उभे करा, कापड ऊन वाढल्यावर घाला.

पाणी सकाळी, मुळाशी आणि रोज साधारण एकाच वेळी. भर दुपारी पानं माना टाकतात तेव्हा जीव कळवळतो, हात आपोआप नळाकडे जातो. थांबा. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. आत ओल लागली तर झाड फक्त उन्हापासून स्वतःला सांभाळतंय, संध्याकाळी ते पुन्हा ताठ होईल. सकाळीही माना खाली असतील तर पाणी खरंच कमी पडतंय, किंवा मुळांना काही झालंय. कधी कोरडं, कधी तुडुंब असं झालं की चुना (कॅल्शियम) फळापर्यंत पोचत नाही आणि फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो. मातीत चुना भरपूर असला तरी हे होतं, म्हणून वरून चुना टाकण्याआधी पाण्याची वेळ सुधारा. ठिबक असेल तर उत्तम.

फुलं आली की सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलोऱ्यामागे बोटाने हलक्या टिचक्या मारा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्याला फक्त हादरा लागतो. पानांची छाटणी आता आवरती घ्या, पानांआड नसलेल्या फळावर उन्हाने पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळं आणि वर पिवळे ठिपके दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या गरमीत तो झपाट्याने वाढतो, म्हणून सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

शेवटी घरात सावलीची, हवेशीर जागा आणि एक पसरट टोपली तयार ठेवा. ३० अंशांच्या वर टोमॅटोचा लाल रंग नीट तयार होत नाही, फळ झाडावर नारिंगी-पिवळंच राहतं आणि मऊ पडतं. बुडाशी गुलाबी छटा दिसली की सकाळीच तोडा आणि देठाची बाजू खाली ठेवून एका थरात मांडा. पिकायला त्याला ऊन लागत नाही, चार-पाच दिवसांत रंग भरतो.